माफीचे ओझे आणि आकड्यांची शिस्त : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

नेमस्त पक्षाचे अग्रणी, अर्थसंकल्पावरील अभ्यासपूर्ण भाषणांचे कर्ते, भारत सेवक समाजाचे संस्थापक आणि महात्मा गांधी यांचे राजकीय गुरू अशी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची ओळख देशभर आहे. ९ मे १८६६ रोजी जन्मलेले गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी निवर्तले. आयुष्याची पन्नाशीही त्यांना गाठता आली नाही. एवढ्या अल्प काळात त्यांनी जे काम उभे केले, त्याचा गौरव पाठ्यपुस्तकांत आणि जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत होत असतो. मात्र या आयुष्याच्या ऐन मध्यावर १८९७ साली घडलेल्या एका प्रसंगाचा उल्लेख सहसा ओझरता केला जातो. वयाच्या एकतिसाव्या वर्षी गोखले यांनी साऱ्या देशासमोर आणि इंग्लंडसमोर जाहीर माफी मागितली होती. परिस्थितीकडे, मित्रांकडे किंवा सरकारकडे बोट दाखवून त्यांना सुटता आले असते. तसे त्यांनी केले नाही. पुढील अठरा वर्षांतील त्यांचे सार्वजनिक जीवन समजून घ्यायचे असेल, तर या प्रसंगाकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

आठ रुपयांची जाणीव

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात असलेले कोतळूक हे गोखले यांचे जन्मगाव. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला होते. घरची स्थिती बेताची होती. १८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्यातील आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत कुटुंबाचा चरितार्थ चालत असे. आपल्या शिक्षणाची किंमत घरातील प्रत्येक माणूस मोजत आहे, याचे भान त्या मुलाला लहानपणीच आले.

या काळातील एक हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. एका मित्राच्या आग्रहावरून गोपाळ नाटकाला गेला. तिकिटाचा खर्च मित्रच करणार, अशी त्याची समजूत होती. काही दिवसांनी मित्राने दोन आणे मागितले. गोपाळने वाद घातला नाही, गैरसमजाचे कारणही पुढे केले नाही. पैसे देऊन टाकले आणि ती तूट भरून काढण्यासाठी घरातील दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. दोन आण्यांची ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या समजुतीची चूक झाली असेल तर तिची भरपाई आपणच करावयाची, हा त्यांचा स्वभाव त्यातून दिसतो.

१८८१ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन महाविद्यालय आणि मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय असा प्रवास करीत त्यांनी १८८४ मध्ये बी.ए.ची पदवी मिळवली. वय होते अठरा. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी किंवा वकिली हे तेव्हाच्या पदवीधरांचे नेहमीचे मार्ग होते. भावाच्या कष्टांची परतफेड करावयाची तर तेच मार्ग सोयीचे होते. गोखले मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. अल्प वेतनावर वीस वर्षे शिकवण्याची ही शपथ होती. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे गरज पडेल ते विषय शिकवले. अंकगणितावरील त्यांचे पाठ्यपुस्तक दीर्घकाळ विद्यार्थ्यांच्या हाती होते. महाविद्यालयाच्या इमारतीसाठी निधी जमवण्याकरिता त्यांनी सुट्ट्यांच्या दिवसांत गावोगावी जाऊन दारोदार याचना केली.

रानडे यांची शाळा

पुण्यातच त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे सान्निध्य लाभले. १८८७ च्या सुमारास सुरू झालेले हे शिष्यत्व रानडे यांच्या १९०१ मधील निधनापर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे टिकले. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके, शेतसाऱ्याचे तक्ते समोर ठेवून रानडे त्यांच्याकडून निवेदने लिहवून घेत. मसुदा मनासारखा उतरेपर्यंत तो पुन्हा पुन्हा लिहावा लागे. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि सभेचे चिटणीसपद यांमुळे या अभ्यासाला सार्वजनिक रूप आले.

एवढ्या कष्टाने लिहिलेल्या निवेदनांना सरकारकडून दोन ओळींचे कोरडे उत्तर येते, तर हा खटाटोप कशासाठी, अशी शंका तरुण गोखले यांनी एकदा गुरूंपाशी व्यक्त केली होती. निवेदनावर नाव सरकारचे असले तरी ते खऱ्या अर्थाने आपल्याच लोकांना उद्देशून असते, त्यातून त्यांनी विचार करायला शिकावे, असा रानडे यांच्या उत्तराचा आशय होता. सरकारच्या अन्यायाची मांडणी करतानाही स्वतःच्या समाजाची तयारी विसरू नये, हा त्यातील धडा होता.

याच शिदोरीवर गोखले १८९७ मध्ये इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी हिंदी नेत्यांना पाचारण करण्यात आले होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि गोखले अशी ही साक्षीदारांची मंडळी होती. सर्वांत तरुण होते गोखले. वाटेत फ्रान्समधील कॅले येथे त्यांच्या छातीला दुखापत झाली, पण सोबत्यांना त्रास नको म्हणून ती त्यांनी काही काळ निमूटपणे सोसली. एप्रिलमध्ये झालेल्या साक्षीत त्यांनी लष्करी खर्च, इंग्लंडकडे जाणारा पैसा आणि हिंदी करदात्याची असहायता यांचे चित्र आकड्यांनिशी उभे केले. उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत. पुण्याचा एक प्राध्यापक या साक्षीने एकाएकी नावारूपाला आला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत तेच नाव टीकेचे लक्ष्य झाले.

प्लेगचे पुणे आणि लंडनमधील पत्रे

१८९६ च्या अखेरीस मुंबईत फैलावलेला प्लेग १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात थैमान घालू लागला. साथ आवरण्यासाठी सरकारने त्या वर्षी विशेष कायदा केला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली. घरोघर तपासणीचे काम गोऱ्या सोल्जरांकडे सोपवण्यात आले. रोगी शोधण्यासाठी घरात शिरणे, सामान बाहेर काढून जाळणे, कुटुंबीयांना छावणीत हलवणे हे रोजचे झाले. देवघरे विटाळली गेली, बायकांशी गैरवर्तन झाले, चीजवस्तू नाहीशा झाल्या, अशा तक्रारींनी शहर हवालदिल झाले होते. २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतत असताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. चापेकर बंधूंच्या या कृत्याने इंग्लंडमधील वातावरण तापले.

गोखले तेव्हा लंडनमध्येच होते. पुण्यातील मित्रांची पत्रे त्यांच्याकडे येत होती. त्यांत घरझडतीच्या जाचाबरोबरच एक अतिशय गंभीर मजकूर होता. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतील एकीने त्यानंतर जीव दिला, असे त्यात म्हटले होते. पत्रे लिहिणारे विश्वासातले होते. त्यांच्या शब्दावर संशय घ्यावा असे गोखले यांना वाटले नाही. त्यांनी हा आरोप पार्लमेंटमधील हिंदुस्थानच्या हितचिंतक सदस्यांसमोर मांडला आणि मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्रातून तो जगजाहीर झाला.

पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे चौकशी झाली आणि त्यांनी आरोप साफ फेटाळले. पुरावा द्या, असे आव्हान गोखले यांना मिळाले. त्यांनी मायदेशी परतून पुरावा गोळा करण्याचे ठरवले. परंतु ते समुद्रावर असतानाच इकडे परिस्थिती पालटली. जुलैच्या अखेरीस लोकमान्य टिळक यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. नातू बंधूंना खटला न चालवताच स्थानबद्ध करण्यात आले. पुण्यात जादा पोलीस बसवण्यात आले. अशा वेळी सोल्जरांविरुद्ध साक्ष द्यायला पुढे येणे म्हणजे संकट ओढवून घेणे होते. आपली नावे उघड करू नयेत, अशी पत्रलेखकांची विनवणी होती. बोट मुंबईला लागताच पोलीस आयुक्त गोखले यांना भेटले आणि त्यांनी पुराव्याची मागणी केली. गोखले यांनी कोणाचेही नाव सांगितले नाही.

पर्याय होते, तरीही

त्या दिवसांत गोखले यांच्यापुढे कोणते पर्याय होते, हे पाहणे उद्बोधक आहे. पत्रे पुढे करून, मी ऐकले तेच सांगितले, असे म्हणता आले असते. तसे झाले असते तर ते स्वतः वाचले असते आणि मित्र तुरुंगाच्या दारात उभे राहिले असते. नावे न घेताही, मला चुकीची माहिती पुरवण्यात आली, असा मोघम खुलासा करता आला असता. सरकारने दहशत निर्माण केल्यामुळे साक्षीदार पुढे येत नाहीत, असेही सांगता आले असते. हे शेवटचे कारण तर निखालस खोटेही नव्हते. अटकसत्राच्या छायेत सापडलेल्या पुण्यात कोण बोलणार होते? नेमक्या याच कारणामुळे तो मार्ग सर्वांत मोहाचा होता. त्या एका वाक्याने गोखले यांची प्रतिष्ठा राहिली असती आणि टाळ्याही मिळाल्या असत्या.

गोखले यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्यासह जाणत्या मंडळींशी विचारविनिमय केला. आरोप सिद्ध करता येईल असा पुरावा आपल्या हाती नाही, ही एकच गोष्ट निर्विवाद होती. परक्या देशात, परक्या वृत्तपत्रात, इतका भयंकर आरोप करण्यापूर्वी त्याची शहानिशा करणे हे आरोप करणाऱ्याचे काम होते. पत्र कोणीही लिहिलेले असो, ते खरे मानून जगापुढे मांडण्याचा निर्णय गोखले यांचा स्वतःचा होता. ऑगस्ट १८९७ च्या सुरुवातीला त्यांचे माफीपत्र वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. आपले आरोप त्यांनी मागे घेतले आणि गव्हर्नर, प्लेग समिती तसेच तपासणीच्या कामावरील सोल्जर या सर्वांची त्यांनी बिनशर्त क्षमा मागितली.

परिणाम व्हायचा तो झाला. इंग्रजधार्जिण्या पत्रांनी त्यांची यथेच्छ निर्भर्त्सना केली. हिंदी नेत्यांच्या कुठल्याही तक्रारीवर विश्वास ठेवू नये, असा निष्कर्ष काढायला सरकारपक्षाला आयते साधन मिळाले. इंग्लंडमधील त्यांचे पाठीराखे अडचणीत आले. मायदेशी तर अधिक कडवट प्रतिक्रिया उमटली. टिळक तुरुंगात असताना गोखले सरकारपुढे नमले, अशी भावना तरुणांत पसरली. वेल्बी आयोगासमोरची कामगिरी लोक विसरले आणि माफी तेवढी लक्षात राहिली.

या टीकेत तथ्य नव्हते, असे म्हणणे गोखले यांच्यावर अन्याय करणारे ठरेल, कारण त्यांनी स्वतःच्या बाबतीत अशी सवलत कधी मागितली नाही. प्लेगच्या काळात पुणेकरांनी सोसलेला जाच काल्पनिक नव्हता. एक विशिष्ट आरोप सिद्ध झाला नाही, म्हणून साऱ्या सोल्जरांची सरसकट माफी मागणे आवश्यक होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारता येतो. माफीचे शब्द अधिक मोजके असते, तर लोकांच्या खऱ्या गाऱ्हाण्यांना धक्का बसला नसता, असे मानणाऱ्यांचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. शिवाय तक्रार करणारे दुबळे असतात आणि पुरावा नष्ट करण्याची ताकद सत्तेकडे असते, ही अडचणही खरी आहे. परंतु माफीच्या शब्दांविषयी मतभेद असले तरी मूळ निर्णयाचे मोल कमी होत नाही. ऐकीव माहितीवर बोलण्याची चूक आपली होती आणि तिचा हिशेब आपणच चुकवावयाचा, हे गोखले यांनी ओळखले होते.

चूक कबूल केल्यानंतर

चूक कबूल केल्यावर माणूस काय करतो, यावर त्या कबुलीचे मूल्य ठरते. काही काळ गोखले आतून खचले होते. सार्वजनिक कामातून अंग काढून घेणे त्यांना शक्य होते. फर्ग्युसनमधील अध्यापन हे सन्मानाचे आसरास्थान हाताशी होतेच. त्यांनी दुसरा मार्ग धरला. पुण्यात प्लेगने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा ते स्वयंसेवकांना घेऊन गल्लीबोळांत फिरले. लोक आणि अधिकारी यांच्यात दुवा साधत, रुग्णांची आणि छावणीतील कुटुंबांची विचारपूस करीत त्यांनी काम केले. ज्या शहराची व्यथा मांडताना त्यांचा पाय घसरला होता, त्याच शहराच्या सेवेला ते लागले. त्या सेवेची दखल ज्यांच्यावर आरोप केला होता त्या लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारलाही घ्यावी लागली.

१८९९ मध्ये ते मुंबई विधिमंडळावर निवडून गेले. पुढे केंद्रीय विधिमंडळात फिरोजशहा मेहता यांची जागा त्यांच्याकडे आली. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावरील आपले पहिले भाषण केले. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत सरकारी तिजोरीत कोट्यवधी रुपयांची शिल्लक दिसत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरवली जात होती. गोखले यांनी ही शिल्लक फोड करून दाखवली. रुपयाचा भाव घसरल्यामुळे येणारी तूट भरून काढण्यासाठी कर वाढवण्यात आले होते. पुढे टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव कृत्रिमरीत्या वर नेण्यात आला, तूट संपली, पण कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक समृद्धीतून आलेली नसून दुष्काळाने आणि प्लेगने पिचलेल्या रयतेच्या खिशातून गरजेपेक्षा अधिक काढून घेतलेली रक्कम आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यासाठी लागणारे सारे आकडे सरकारच्याच कागदपत्रांतून घेतलेले होते.

या भाषणांमागे किती श्रम असत, हे त्यांच्या निकटवर्तीयांना ठाऊक होते. अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी यांच्याकडून ते माहिती तपासून घेत आणि त्यांचे ऋण मानत. एकेका आकड्यासाठी जुने अहवाल धुंडाळत. १८९७ च्या प्रसंगाआधीही गोखले अभ्यासूच होते. मात्र त्यानंतर त्यांच्या मांडणीत ऐकीव मजकुराला जागा उरली नाही. मिठावरील कर दर मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया असा खाली आला. १९०३ मध्येच प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशे रुपयांवरून एक हजारावर नेण्यात आली. याचे श्रेय एकट्या गोखले यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र मीठ हे गरिबाच्या ताटातले असते आणि त्यावरील कर सर्वांत अन्यायी ठरतो, ही गोष्ट त्यांनी वर्षानुवर्षे सरकारला आकड्यांनिशी ऐकवली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतःची चूक पत्करणाऱ्या गोखले यांनी परकीय सत्तेला दोषमुक्त कधी केले नाही. लष्करावरील उधळपट्टी, वरिष्ठ जागांवरून हिंदी लोकांना वगळण्याचे धोरण, वंगभंग या सर्वांवर त्यांनी कठोर टीका केली. वंगभंगाच्या वर्षी, १९०५ मध्ये, बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवताना त्यांनी कर्झन यांच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या राजवटीशी केली होती. आपल्या वाट्याची जबाबदारी उचलली म्हणजे दुसऱ्याचा अपराध नाहीसा होतो, असा त्यांचा समज नव्हता. उलट आपली बाजू स्वच्छ ठेवणाऱ्यालाच दुसऱ्याचा अपराध ठामपणे दाखवता येतो, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. १८९७ मध्ये त्यांचा शब्द सहज फेटाळता आला होता. १९०२ नंतर तो फेटाळण्यासाठी सरकारच्या अर्थखात्याला तयारी करून यावे लागे.

माणसे घडवण्याची जबाबदारी

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्या काळच्या राजकारणात उत्साहाला तोटा नव्हता, वक्त्यांनाही तोटा नव्हता. अभ्यास करून, अल्प वेतनावर, आयुष्यभर देशकार्य करणारी माणसे मात्र मोजकी होती. राज्यकर्ते परके आहेत, म्हणून आपल्याला काही करता येत नाही, असे म्हणत बसण्यापेक्षा अशी माणसे आपणच का तयार करू नयेत, हा या संस्थेमागचा विचार होता. सदस्याला सात शपथा घ्याव्या लागत. देशाला प्रथम स्थान देणे, वैयक्तिक लाभ न शोधणे, सर्व देशबांधवांना जाती-धर्माचा भेद न करता बंधू मानणे, कोणाशी वैयक्तिक भांडण न करणे यांचा त्यांत समावेश होता. पाच वर्षांचे प्रशिक्षण ठरवण्यात आले होते. त्यातील काही काळ अभ्यासात आणि काही काळ देशाच्या प्रवासात घालवावा लागे. बोलण्याआधी पाहावे, पाहण्याआधी मत बनवू नये, ही शिस्त संस्थापकाने स्वतः मोठी किंमत देऊन शिकलेली होती. १९१५ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतून कायमचे परतलेल्या गांधीजींनाही त्यांनी एक वर्ष देशभर हिंडून केवळ निरीक्षण करण्यास सांगितले होते.

प्राथमिक शिक्षणाच्या प्रश्नातही हीच दृष्टी दिसते. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातील सक्ती माफक होती. स्थानिक संस्थांनी आपल्या क्षेत्रात तयारी झाल्यावर, सरकारच्या मान्यतेने, सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांसाठी ती लागू करावी, अशी योजना होती. तरीही सरकारी सदस्यांबरोबर अनेक हिंदी जमीनदार सदस्यांनी तिला विरोध केला. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांच्या नावाने कडवटपणा व्यक्त करण्याऐवजी, आपल्या पिढीने अपयशातूनच देशाची सेवा करावयाची आहे आणि यशाचा वाटा पुढच्यांना मिळेल, अशा आशयाची भूमिका त्यांनी घेतली. पराभवाची कारणे त्यांना ठाऊक होती. त्या कारणांचा आडोसा घेऊन काम थांबवणे त्यांना मान्य नव्हते.

पुन्हा एकदा शब्दाची कसोटी

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात गोखले यांच्यासमोर १८९७ ची आठवण करून देणारा आणखी एक प्रसंग उभा राहिला. परदेशात मळ्यांवर कराराने राबणाऱ्या हिंदी मजुरांचा प्रश्न त्यांनी लावून धरला होता. १९१० मध्ये त्यांनी मांडलेल्या ठरावानंतर नाताळ प्रांतात असे मजूर पाठवणे पुढील वर्षापासून बंद झाले. ऑक्टोबर १९१२ मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, ते दक्षिण आफ्रिकेला गेले. गांधीजींनी सावलीसारखी त्यांची सोबत केली. नाताळमधील करारमुक्त मजुरांना दरवर्षी तीन पौंडांचा कर भरावा लागे. महिन्याकाठी तुटपुंजी मजुरी मिळवणाऱ्या कुटुंबांना तो देशोधडीला लावणारा होता. प्रिटोरियात जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांच्याशी झालेल्या भेटीनंतर हा कर रद्द होईल, असे आश्वासन मिळाल्याचे गोखले यांनी गांधीजींना सांगितले. पुढे तेथील सरकारने असे वचन दिल्याचे नाकारले.

पुन्हा तोच पेच होता. शब्द होता, पण दाखवायला कागद नव्हता. एक फरक मात्र महत्त्वाचा होता. या वेळी ते कोणाच्या पत्रावरून बोलत नव्हते. ज्या बैठकीविषयी सांगत होते, तीत ते स्वतः बसले होते. म्हणून या वेळी त्यांनी माघार घेतली नाही आणि आपल्या सांगण्यावर ते ठाम राहिले. माफी मागण्यामागे दुबळेपणा नव्हता, याचा पुरावा या ठामपणात सापडतो. जे माहीत नव्हते ते मागे घेणारा हा माणूस जे माहीत होते त्यावरून हटला नाही.

१९१३ मध्ये गांधीजींनी लढा पुकारला आणि हजारो मजूर त्यात उतरले. समोरच्या सरकारने विश्वासघात केला, असे म्हणून गोखले यांना हात झटकता आले असते. मधुमेहाने आणि हृदयविकाराने जर्जर झालेल्या शरीराची सबब कोणीही मान्य केली असती. त्यांनी लढ्यासाठी देशभरातून निधी उभारला, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्याकडे पाठपुरावा केला, सी. एफ. अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन यांना दक्षिण आफ्रिकेला धाडले. १९१४ मध्ये तेथील कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला.

त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. सरकारी नोकऱ्यांत हिंदी लोकांना न्याय्य स्थान मिळावे यासाठी नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगाचे काम ते आजारपणातही करीत होते. त्या आयोगाचा अहवाल पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद राहिले, त्या लोकमान्य टिळकांनी अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांना मनःपूर्वक श्रद्धांजली वाहिली.

वारशाचा अर्थ

गोखले यांचा मार्ग यशस्वी ठरला की जहालांचा, ही चर्चा आता इतिहासाच्या ग्रंथांत स्थिरावली आहे. अर्ज-विनंत्यांच्या मर्यादा काळाने दाखवून दिल्या. सरकारच्या न्यायबुद्धीवर त्यांनी ठेवलेला विश्वास अनेकदा फोल ठरला. राजकीय मतांच्या पलीकडे उरणारी गोष्ट मात्र आजही उपयोगाची आहे. गरिबी, परकीय सत्ता, आजारपण, मित्रांची भीती, विरोधकांचा कडवेपणा अशी सबबींची मोठी यादी त्यांच्या हाताशी होती आणि तीतील प्रत्येक सबब खरी होती. खऱ्या सबबी टाळणे हे खोट्या सबबी टाळण्यापेक्षा कठीण असते, कारण त्या सांगितल्या तर कोणी आक्षेप घेत नाही.

हाती आलेला मजकूर क्षणात हजारोंपर्यंत पोहोचवण्याची सोय आज प्रत्येकाकडे आहे. तो खोटा निघाल्यास, आला तसा पुढे पाठवला, एवढे म्हणून मोकळे होता येते. गोखले यांना मिळालेली पत्रे विश्वासू मित्रांची होती, काळ दडपशाहीचा होता आणि त्यांचा हेतू निर्मळ होता. तरीही पुढे पाठवणाऱ्याची जबाबदारी त्यांनी मूळ लिहिणाऱ्यावर ढकलली नाही. त्या माफीनंतर त्यांनी बोलणे सोडले नाही, सरकारला जाब विचारणेही सोडले नाही. बोलण्यापूर्वी तपासून घेण्याचा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला आणि अखेरपर्यंत पाळला. पुढच्या काळात विधिमंडळातील सरकारी बाकांना त्यांच्या भाषणाची धास्ती वाटे, ती या नियमामुळे.